उजवीकडे मंद

राघोच्या बायकोची, मालूची, एक ठरलेली थट्टा होती. घरी नवा पाहुणा आला आणि राघो काय काम करतो असं त्यानं विचारलं, की ती म्हणायची, "आगी बनवतात. मुरबाडला कारखान्यात आगी बनवतात आन् खोक्यात भरून पाठवतात. पन घरच्या चुलीत एक लाकूड कधी सारलं नाय हां!"

थट्टा होती, पण खोटी नव्हती. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा शेडमध्ये हॉटेलांसाठी विजेचे तवे आणि ग्रिल बनत. त्यात आत बसणारे रॉड भरायचं काम राघोकडे होतं. पोकळ नळीत नाइक्रोमच्या तारेचं वेटोळं ओढायचं, ते बरोबर मधोमध धरायचं आणि भोवती पांढरी पावडर ठासून भरायची. तार नळीला कुठे टेकता कामा नये. टेकली तर सगळ्या ग्रिलमध्ये करंट उतरतो. राघोनं भरलेल्या रॉडमध्ये तार टेकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. किन्हवलीजवळच्या त्याच्या पाड्यावरून सकाळी निघायचं, सरळगावावरून मुरबाड गाठायचं, संध्याकाळी त्याच वाटेनं परतायचं, हात धुऊन पानावर बसायचं. जेवताना पुढ्यात भाकरी यायची. ती कुठून येते याचा विचार करायची त्याला कधी गरज पडली नाही.

ती मालूच्या हातून यायची. आणि मालूचा हात पाड्यावर प्रसिद्ध होता.

तांदळाचं पीठ मोठं हट्टी. नुसत्या पाण्यात भिजवलं तर थापताना फाटतं, म्हणून आधी उकळत्या पाण्यात त्याची उकड काढावी लागते, ती गरम असतानाच मळावी लागते. मग पाण्याच्या हातानं थापायची. मालूची भाकरी तळव्याखाली अशी पसरायची की जणू तिलाच पसरायची घाई आहे. पाड्यात कुणाची हळद असली की मांडवामागे चुलींची रांग लागायची आणि पहिल्या चुलीवर मालू बसायची. बाकीच्या बाया तिची थापण्याची लय पकडायच्या. थप्, थप्, थप्, आणि फिरव. पहिली भाकरी उतरली की तिचा तुकडा मोडून ती आगीत टाकायची. आगीचा घास. तो दिल्याशिवाय माणसांना वाढायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी, भाताची झोडणी चालू असताना, मालू खळ्यावरच बसली ती उठेना. लकवा. शहापूरच्या दवाखान्यातून घरी आली तेव्हा बोलणं शाबूत होतं, पाय काठीच्या आधारानं चालू लागला, उजवा हातही हळूहळू हलायला लागला. मूठ वळायची, तांब्या उचलायचा. पण त्या हातातली जाण गेली होती. थंड कळेना, गरम कळेना, खुपलेलं कळेना.

"हात हाय, पन माझा नाय," ती म्हणायची.

राघोनं ते आपल्या भाषेत समजून घेतलं. मोटर फिरते, सेन्सर गेला. 

घरी आल्यावर मालू पहिल्यांदा चुलीपुढे बसली तेव्हा मातीच्या खापरीच्या काठाला बोटं लागली आणि टरारून फोड आले. तिला ते दुसऱ्या दिवशी, फोड फुटल्यावर दिसले. त्यानंतर मुलानं, अमोलनं, तिला चुलीजवळही फिरकू दिलं नाही आणि गॅसजवळही नाही. अमोल आसनगावच्या एका गोदामात कामाला होता, शिस्तीचा पोरगा. स्वयंपाक सून योगिनीकडे गेला. योगिनी चांगली पोर, पण तिला पोळ्या यायच्या, भाकरी नाही. मालू दिवसभर ओटीवर बसून तांदूळ निवडायची. निवडलेलेच पुन्हा निवडायची. संध्याकाळी मात्र डाव्या हातानं पडवीतली चूल सारवायची. चुलीत आग नसली तरी ती सारवलेली हवी.

"मला काय, देव्हाऱ्यातला नारळ करून ठेवलाय," ती योगिनीला म्हणायची. "हळदकुंकू लावायचं आन् हात नाय लावायचा."

माघात बाईजा, शेजारीण, धावतच ओटीवर आली. "मालूवयनी, सावळीचं जमलं गो! वैशाखात हळद!"

"बाय माझी! बरं झालं गो. पोरगा काय करतो?"

"वाशिंदला दुकान हाय मोबाइलचं. रंगानं आपल्या सावळीच्या वर हाय."

"म्हंजे तव्यापेक्षा काळा!" दोघी खो खो हसल्या. मग मालूनं विचारलं, "भाकऱ्यांना कोन बसनार?"

बाईजाचं हसू आवरलं. लेकीच्या, सावळीच्या, बारशाला तिनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हिच्या हळदीच्या भाकऱ्या मालूवयनीच्या हातच्या. ती म्हणाली, "बसतील कोनतरी. आजकाल क्याटरर असतात नाय का."

"म्हंजे मी मेले."

"काय गो तुझं तोंड! मी असं बोलले का?"

"तू नाय बोललीस. मीच बोलले."

त्या संध्याकाळी राघो जेवायला बसला, तर मालू समोर येऊन बसली. बराच वेळ त्याच्या ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अवो, तुमी आगी बनवता ना? मला एक आग बनवून द्या. मला चटका न देनारी."

राघो हसला. मग त्यानं तिच्याकडे बघितलं आणि त्याचं हसू थांबलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिलीच अशी गोष्ट होती, जी त्याला करता येत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं डोकं लावायला सुरुवात केली. आधी त्यानं मालूलाच विचारलं, भाकरी भाजतात कशी? मालूला तो प्रश्न श्वास कसा घेतात असा वाटला. पण ती सांगत गेली. टाकताना खापरी मध्यम हवी, फार तापली तर पिठाला पुटकुळ्या येतात. वरून पाण्याचा हात फिरवला, ते पाणी सुकलं की उलटायची. मग तेज आग, तिथं कापडानं दाबली की टम्म फुगते. आणि झालेल्या भाकऱ्या मंद उबेवर, नाहीतर वातड होतात. राघो थक्क झाला. एका चुलीत तीन आगी होत्या, आणि त्याच्या घरात त्या रोज पेटत आल्या होत्या.

कारखान्यातल्या ग्रिलला एकच आग असायची. म्हणून त्यानं सुपरवायझरला विचारून नाकारलेल्या मालातली एक जाड बिडाची प्लेट मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्याखाली तीन वेगळे रॉड बसवले. तिघांना तीन थर्मोस्टॅट. डावीकडे तेज, मधे मध्यम, उजवीकडे मंद. चालू केलं, तापू दिलं, तिन्ही जागी पाण्याचे थेंब टाकले. तिन्ही जागी थेंब सारखेच नाचले. उष्णता गावातल्या बातमीसारखी असते. एका घरात सांगितली म्हणून तिथंच राहत नाही. बिडाच्या अखंड प्लेटमधून ती या टोकाची त्या टोकाला पोचली होती, आणि मंद भागाचा थर्मोस्टॅट बंद होऊनही तो भाग तापतच होता.

"काय राघोकाका, हॉटेल काढताय काय?" सुपरवायझर म्हणाला.

"हां. एकाच बाईचं हाय," राघो म्हणाला.

मग त्यानं प्लेट कापून तिचे तीन तुकडे केले. तुकड्यांमधे बोटभर फट ठेवली आणि भट्टीला लावतात ती पांढरी लोकर फटीत दाबून बसवली. आता तेज तेज राहिलं आणि मंद मंद. त्या प्लेटा मुळात कोंबडी भाजायच्या ग्रिलच्या होत्या, वरून खाचा असलेल्या. भाकरीला खाच चालणार नाही म्हणून त्यानं त्या उलट्या बसवल्या, घासून गुळगुळीत केल्या. एकसारख्या काळ्या, चकचकीत. रॉड त्यानं मुद्दाम पूर्ण झाकले. लाल तापलेली सळी उघडी असली आणि मालूचा हात पडला तर? शॉक लागू नये म्हणून पडवीच्या बाहेर खड्डा खणून, मीठ आणि कोळसा घालून, वेगळं अर्थिंग केलं. मीटरपासून जाड वायर ओढली आणि पडवीच्या मागच्या भिंतीला मोठं सॉकेट बसवलं. समोरच्या पट्टीवर तीन नॉब, तीन लाल दिवे, आणि नॉबच्या बाजूला रंगाच्या खुणा, कुठवर फिरवायचं ते कळायला.

सगळ्यात जास्त विचार त्यानं उजव्या बाजूचा केला. मालूचा उजवा हात कुठे जाईल त्याचा भरवसा नव्हता. बोलता बोलता तो टेकायचा, घसरायचा, आणि तिला पत्ता नसायचा. म्हणून मंद प्लेट उजवीकडे. तिथं त्यानं स्वतःचा तळवा ठेवून बघितला. ऊन पडलेल्या दगडाइतकी ऊब. मालूचा हात तिथं विसरला तरी काही होणार नव्हतं.

हळदीला पंधरा दिवस असताना त्यानं ग्रिल घरी आणलं. संध्याकाळ होती. पडवीच्या मागच्या भिंतीला, सॉकेटखाली, टेबल लावून त्यावर ठेवलं, पुढे स्टूल मांडलं आणि मालूला आणून बसवलं. योगिनी आणि बाईजा मागे उभ्या राहिल्या.

"डावा तेज, उजवा मंद," राघोनं सांगितलं. "बोल."

"शाळा हाय काय?"

"बोल गो."

"डावा तेज, उजवा मंद." 

"उजवा हात कुठंपन टेकला तरी चालंल. तिकडं भ्यायचं नाय."

"वयनी, आता मास्तर छडी घेऊन येईल बघ," बाईजा म्हणाली.

मालूनं प्लेटांवरून डावा हात फिरवला. खाली वाकून बघितलं. "आन् घास कुठं टाकू?"

"कसला घास?"

"आगीचा."

राघो हसला. "याला आग कुठं हाय? करंट हाय. करंटला काय भूक लागती?"

मालूही हसली. पण ती स्टुलावर जरा अवघडून बसली होती. समोर भिंत, भिंतीवर सॉकेट. तिनं मान वळवून दाराकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे बघितलं, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा असा उजळला होता की तिनं मनातलं मनातच ठेवलं.

"आता चालू करू?" राघोनं विचारलं.

"तिनीसांजेला नवी चूल पेटवत नाय. उद्या सकाळी."

सकाळी राघोच्या लक्षात आलं की स्टूल फरशीवर घसरतंय. मालूचा पाय आधीच अधू. स्टुलाच्या पायांना रबरी टोप्या बसवायला हव्यात. "मी किन्हवलीला जाऊन आलोच," तो म्हणाला. "थांबा मी येईपर्यंत."

पण मालूला कुठला धीर? योगिनीनं उकड काढली होती, ती निवून चालली नसती. शिवाय राघो नव्हता ते एका अर्थी बरंच होतं, कारण मालूला एक गोष्ट नीट करून घ्यायची होती आणि त्याच्यासमोर करायची नव्हती.

"योगिनी, ह्यो टेबल भिंतीपासून जरा पुढं ओढ. वायर पुरंल एवढाच. आन् स्टूल पलीकडं घाल, भिंतीकडं."

"का ओ आई?"

"ते मावळतीला तोंड करून बसायला लावतात गो मला. मावळतीला तोंड करून कुनी रांधतं काय? हळदीच्या भाकऱ्या हायेत. अन्न उगवतीकडं बघून करायचं. त्यांना बोलू नको, मनाला लावून घेतील."

योगिनीनं टेबल ओढलं. मालू भिंतीला पाठ करून बसली. आता तिच्या समोर पूर्वेचं दार होतं, दारातून ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर येत होतं, आणि ती कधीची अशी मोकळी बसली नव्हती. योगिनीनं पलीकडून, समोरच्या पट्टीवरचे नॉब खुणेपर्यंत फिरवले. लाल दिवे लागले. ते दिवे आता दाराकडे बघत होते, मालूकडे ग्रिलची पाठ होती. पण तिला दिव्यांची काय गरज? तिनं धडा पाठ केला होता.

ती पहिली भाकरी थापायला बसली. जाण नसलेला हात डोळ्यांनी हाकत, हळू थापली. एका बाजूला जाड झाली, पण गोल झाली. मधल्या प्लेटवर टाकली, पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकलं, उलटली. योगिनी टाळी वाजवायची तेवढी राहिली होती. मग मालूनं भाकरी उचलून डावीकडे ठेवली, तेज प्लेटवर, फुगायला.

भाकरी फुगेना. मालूनं डाव्या हातानं प्लेट चाचपली. कोमट. "ही बाजू तापली नाय अजून," ती म्हणाली. "नवीन हाय, टाइम घेईल. जा, तू उकडीचं पातेलं घेऊन ये."

योगिनी आत गेली. मालू डावीकडे वाकून भाकरीकडे बघत राहिली, आता फुगेल, मग फुगेल. वाकताना तोल जाऊ नये म्हणून तिचा उजवा हात टेकला. उजवीकडे. जिकडे भ्यायचं नाही असं सांगितलं होतं तिकडे.

योगिनी पातेलं घेऊन परत येत होती तेव्हा तिनं सासूचा आवाज ऐकला. घाबरलेला नाही, नेहमीचाच, जरा वैतागलेला.

"योगिनी, काय करपलं गो?"

राघो रबरी टोप्या घेऊन आला तेव्हा पडवीत टेबल मधोमध होतं, पातेलं पालथं होतं आणि उकड फरशीवर सांडली होती. योगिनी सासूचा हात पाण्याच्या कळशीत धरून रडत होती. मालू रडत नव्हती. तिला दुखतच नव्हतं. ती नवऱ्याला म्हणाली, "काय झालं नाय. तुमी पोरीला गप्प करा आधी."

राघोनं हात बघितला. मग टेबल बघितलं, स्टूल बघितलं, भिंत बघितली. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. पलीकडून बसलं की तेज प्लेट उजव्या हाताखाली येत होती. ग्रिलचा प्लग त्यानं ओढून काढला आणि तो हातात धरून तसाच उभा राहिला.

मालूला साखर होती. जखम भरेना. शहापूरच्या दवाखान्यात ड्रेसिंगसाठी फेऱ्या झाल्या, मग तिथंच ठेवून घेतलं, आणि शेवटी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. बाकीचा पंजा वाचला, पण कातडी अशी आवळून आली की तो पुन्हा पुरता उघडलाच नाही.

अमोल बापावर ओरडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांसमोर. "तुमाला कोनी सांगितला होता ह्यो उद्योग? मी तिला दोन वर्स आगीपासून लांब ठेवली. तुमी आग घरात आनून दिलीत!"

"बाबांचं नाय हो, मी टेबल फिरवला," योगिनी म्हणत होती.

राघो म्हणाला, "तिला रागवू नको. टेबल कुठंपन असंल, आग मी भरली."

सावळीची हळद ठरल्या दिवशीच झाली. भाकऱ्यांना पाड्यातल्या बायाच बसल्या, क्याटरर आला नाही. बाईजानं उकडीचा पहिला गोळा ताटलीत घेतला आणि भर मांडवातून गाडी करून शहापूरला गेली, मालूच्या खाटेशी. "लाव गो हात. तू लावल्याशिवाय एक भाकरी थापायची नाय असं सांगून आलेय." मालूनं डावा हात लावला. बाईजा पदर तोंडाला लावून बाहेर आली आणि गोळा घेऊन तशीच परत गेली. 

मालू घरी आली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. एका दुपारी ओटीवर दोघंच होती. ती म्हणाली, "तुमी सारखं काय चघळत बसता? मी सांगू, कसं झालं ते? मी आगीला घास दिला नाय. नवी चूल, पहिला दिवस, आन् घास नाय. मग तिनं आपला घास आपन घेतला. एवढंच. तुमचं काय चुकलं त्याच्यात?"

राघोला ते ऐकवेना. तिनं त्याच्यासाठी ही वाट काढली होती, तो सुटावा म्हणून, आणि त्याला त्या वाटेनं जाता येत नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "तू मावळतीला कधीच नाय बसलीस? चुलीपुढं?"

"चूल कशी मांडली हाय बघा ना. उगवतीलाच बसावं लागतं. माझ्या सासूची पन तशीच होती. तुमच्या आईची."

राघोनं पडवीतल्या चुलीकडे बघितलं. खरंच. आणि मग त्याला आठवलं की सकाळी डबा घ्यायला तो चुलीजवळ जायचा तेव्हा मालूच्या तोंडावर नेहमी ऊन असायचं. कपाळावरचा घाम त्या उन्हात चमकायचा. इतकी वर्षं त्यानं ते बघितलं होतं. ते ऊन रोज तिच्याच तोंडावर का, असं मात्र त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. तारेचं वेटोळं नळीत केसभर सरकलं तर त्याला कळायचं. बायको कुठल्या दिशेला तोंड करून बसते ते त्यानं विचारलं नव्हतं.

त्यानं ग्रिल मोडून टाकावं असं अमोलचं म्हणणं होतं. राघोनं ते मोडलं, पण फेकलं नाही. कारखान्यात नेऊन पुन्हा मांडलं. आणखी दोन प्लेटा मिळवून तेज प्लेट मधे घेतली. तिच्या दोन्ही बाजूंना मध्यम, आणि त्यांच्याही बाहेर, दोन्ही टोकांना, मंद. नॉब आणि दिवे दोन्हीकडे. आता कुठूनही बसा, हात कडेला गेला तर ऊबच लागणार. इतकं सोपं होतं. जेव्हा पहिलं ग्रिल मांडलं तेव्हाही इतकंच सोपं होतं, फक्त बसणारं माणूस एकाच बाजूनं बसेल असं तो धरून चालला होता. सुपरवायझर म्हणाला, हे डिझाइन भारी आहे काका, आपण मालकांना दाखवू. राघो म्हणाला, दाखवा. त्यात त्याचं मन नव्हतं.

भात फुलोऱ्यावर आलं होतं तेव्हा त्यानं नवं ग्रिल घरी आणलं. सकाळीच आणलं. अमोल घरात होता. स्वतः पुढे होऊन त्यानं एक बाजू धरली आणि बापाबरोबर टेबलावर ठेवू लागला.

मालूनं सगळं नीट बघितलं. डाव्या हातानं कडा चाचपल्या. राघोनं सांगितलं की आता डावं-उजवं काही लक्षात ठेवायचं नाही.

"चांगला झालाय," ती म्हणाली. मग तिनं उजवा पंजा उचलून त्याच्यापुढे धरला. अर्धवट मिटलेला, तीन बोटांचा. "पन भाकरी थापायला पंजा लागतो ओ. ह्यो उघडतच नाय. योगिनीला द्या."

ती काठी टेकत जाऊन पडवीतल्या खाटेवर बसली. योगिनीनं पिठाच्या डब्याला हात घातला आणि तो तसाच ठेवला. ती त्या दिवसानंतर भाकरीच्या वाटेला गेलीच नव्हती.

राघोनं हात धुतले. शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि सुनेला म्हणाला, "उकड काढून दे मला."

"बाबा, तुमी?"

"काढून दे."

उकड आली. त्यानं परात घेतली, स्टूल ओढलं आणि ग्रिलपुढे बसला, जसं समोर आलं तसं. ह्या ग्रिलला दिशा नव्हती, ते त्यानंच तसं केलं होतं.

"उगवतीला बसा," खाटेवरून मालू म्हणाली.

तो उठला. स्टूल उचलून भिंतीकडे नेलं आणि तिच्या त्या जागी, भिंतीला पाठ करून बसला. दारातून ऊन त्याच्या डोळ्यांवर आलं. समोरचं दार, अंगणातला पेंढा, बाईजाच्या घराचा कोपरा. हे सगळं ती रोज इथून बघायची तर.

त्याची पहिली भाकरी थापताना फाटली. ती मोडून त्यानं पुन्हा गोळा केला. दुसरी जाड राहिली, कडेला चिरा गेल्या, तरी त्यानं ती टाकली. पाण्याचा हात फिरवला, उलटली, मधल्या प्लेटवर सरकवून कापडानं दाबली. ती फुगली नाही. त्यानं तिचा तुकडा मोडला आणि तो हातात घेऊन इकडे तिकडे बघितलं. मग उठून पडवीतल्या जुन्या चुलीपाशी गेला. चूल आदल्या संध्याकाळी सारवलेली होती. त्यानं चार काटक्या आत सारल्या, पेटवल्या, पेट घेईपर्यंत वाकून फुंकल्या, आणि तुकडा आत टाकला. अमोल बघत होता.

उरलेली भाकरी त्यानं मालूला नेऊन दिली. तिनं एक घास खाल्ला. बराच वेळ चावला.

"पानी कमी लागलं," ती म्हणाली. "आन् हात सावकाश. घाई करता तुमी."

तो परत येऊन बसला आणि पुढचा गोळा परातीत घेतला. थापायला लागला, थांबला, पुन्हा लागला. लय सापडत नव्हती. त्यानं मान वर केली. मालू खाटेवर बसून दाराबाहेर बघत होती, आणि मांडीवर ठेवलेला तिचा तो तीन बोटांचा पंजा, तिच्या नकळत, लुगड्यावर हलत होता. थप्, थप्, थप्, आणि फिरव.

राघोनं त्या हाताकडे बघत थापायला सुरुवात केली.